सहा महिन्यांची मोजणी

आमच्या घरी तीन पिढ्यांपासून कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणलं जातं. माग आता दोनच उरलेत आणि ते दुसऱ्यांच्या हातांनी चालतात, पण ताण्याचे, म्हणजे कापडातले उभे, धागे लावताना मोजायचं काम मी अजून कोणाला दिलेलं नाही. दर शंभर धाग्यांना एक लाल दोरा बांधायचा. मध्ये कोणी हाक मारली आणि आकडा सुटला, तर मागच्या लाल दोऱ्यावर भरवसा ठेवायचा नाही. पहिल्या धाग्यापासून पुन्हा मोजायचं. हे वडिलांनी शिकवलं. दहा-बारा धाग्यांच्या चुकीने काठ कसा वाकडा जातो हे त्यांनी मला एक आख्खी साडी उलगडून दाखवलं होतं.

ही सवय मी कापडाबाहेर नेली आणि माझ्या मुलीच्या घटस्फोटात वापरली. त्यात माझी चूक किती आणि बाकीच्यांची किती, हे मी पुष्कळदा मांडून पाहिलं आहे. प्रत्येक वेळी माझ्या बाजूला जास्त येते.

आम्ही पवनीचे. मुलगी दिली चिखल्याला, मॅंगनीजच्या खाणीत नोकरीला असलेल्या मुलाला. खाणीच्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर, सोबत त्याची आई. मूळ गाव त्यांचं पार तिकडचं, जे आता गोंदिया जिल्ह्यात गेलं. लग्नपत्रिकेवर मात्र त्यांनी सवयीने 'जि. भंडारा' छापलं होतं, आणि मी ते निळ्या पेनने एकशे ऐंशी पत्रिकांवर दुरुस्त केलं. व्याही हसले होते. "दोन जिल्हे झाले तरी मांडव एकच आहे ना, बापू," म्हणाले. पुढे वर्षभरात ते वारले.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मुलीला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात मूल गेलं. माघाचे दिवस होते. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून मी तिला थेट पवनीला घेऊन आलो. जावई दवाखान्यात दोन दिवस बाकावर बसून होता. निघताना त्याने तिची पिशवी एसटीत ठेवली आणि खिडकीतून म्हणाला, "बरी झाली की सांग."

ती महिन्याभरात बरी झाली. पण सांगायचं कोणी, हे काही ठरलेलं नव्हतं.

आमच्याकडे अशी रीत आहे की माहेरी आलेल्या मुलीला सासरचा माणूस न्यायला येतो. नवी साडी आणतो, ओटीचं सामान आणतो, एक मुक्काम करतो आणि मुलीला घेऊन जातो. कोणी न्यायला आल्याशिवाय मुलगी जात नाही. गेली तर चार घरं विचारतात, "काहून, कोनी आलं नाही का न्यायले?" जावयाच्या आईकडची रीत उलटी होती, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्याकडे असं काही झालं, की माहेरची माणसं मुलीची ओटी भरून तिला स्वतः पोचवून देतात. नवऱ्याने मागे धावणं तिथे बरं दिसत नाही. त्यामुळे आम्ही पवनीत वाट पाहत होतो आणि ते चिखल्यात.

पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तुमसरहून चिखला. तीन एसटी. दोन्हीकडून तीनच.

मुलीच्या आईने चार-पाच वेळा म्हटलं, "अवो, तुम्हीच घेऊन जा ना तिले. काय जाते आपलं?"

"मी कायले जाऊ? त्यायची सून आहे. त्यायले नको असन तर मी दारात नेऊन टाकू का?"

"टाकाची गोष्ट कोन करून राहिलं? पोचवाची गोष्ट करून राहिली मी."

मी गेलो नाही. कॉलनीत एका किराणा दुकानात फोन होता, तिथे निरोप ठेवता आला असता. तोही ठेवला नाही. अकरा महिने झाल्यावर मी विहिणीला रजिस्टर पत्र टाकलं. पंधरा दिवसांत न्यायला यावं, नाहीतर आम्ही आमचा विचार करू, असं लिहिलं. मसुदा तीनदा केला, एकही शब्द वावगा जाऊ दिला नाही. उत्तर पोस्टकार्डावर आलं. एकच ओळ होती, 'जशी आपली मर्जी.' मी त्याचा अर्थ संमती असा लावला. आज ते कार्ड वाचलं की ते एका दुखावलेल्या बाईने कोणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड दिसतं.

मुलीला विचारलं. ती मागाच्या फणीतले तुटलेले धागे जोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही म्हनसान तसं, बाबूजी."

हेही मी होकारात धरलं.

घटस्फोट म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. माझा साळा साकोलीकडे एकोडीला शेती करतो. त्याच्या मते यात माहीत करून घेण्यासारखं काही नव्हतंच.

"भाऊजी, शंभराचा कागद घ्या. पाच मानसं बसवा. फारकत लिवून घ्या, दोघायचे अंगठे नाहीतर सह्या. झालं. एका दुपारचं काम आहे, मंग जेवून घ्या."

"आनि ते कोर्टात चालते का?"

"कोर्टात कोन जाऊन राहिलं?"

"उद्या पोरीचं दुसरं लग्न करायचं झालं तर?"

"तर काय? आमच्या गावात तिघायचं झालं असंच. तिघायचेही संसार चालून राहिले."

माझं समाधान होईना. पाच माणसांच्या सहीने लागलेलं लग्न नव्हतं, तर पाच माणसांच्या सहीने मोडेल कसं? हा प्रश्न वहीत पहिला लिहिला. हळूहळू अकरा प्रश्न झाले. ते घेऊन मी भंडाऱ्याला कोर्टात गेलो.

कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली वकिलांची टेबलं. प्रत्येक टेबलामागे पत्र्याची पेटी, पेटीवर फायली. मी तीन वकिलांशी बोललो. एकाच वकिलावर विसंबायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं.

पहिल्याने माझे अकरा प्रश्न ऐकलेच नाहीत. "नवऱ्यावर अन् सासूवर छळाची केस टाकू, बापू. दोन महिन्यांत हात जोडत येतात का नाही पाहा."

"पण साहेब, त्यांनी छळ केला नाही."

"नाही केला हे तुम्हाला माहीत. पोलिसाला काय माहीत?"

"मला माहीत आहे ना. मग मी सही कशी करू?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं दुकानात नुसता भाव विचारून जाणाऱ्याकडे पाहतात.

दुसऱ्याने सगळं मिळून एक आकडा सांगितला, पण त्यात काय काय धरलं आहे हे सांगेना. तिसऱ्या टेबलावर एक बाई होत्या, चाळिशीच्या. डोळ्यांवर चष्मा, समोर डबा उघडा, पोळीचा एक घास हातात. त्यांनी जेवता जेवता अकराही प्रश्न ऐकले.

"बापूजी, तुम्हीच वकिलीची सनद घ्या. मला असिस्टंट ठेवा," म्हणाल्या. मग एकेक उत्तर दिलं. कागदावरची फारकत आमच्या जातीत कोर्ट धरेलच असं नाही, ती जुनी रीत आहे असं साक्षीदार आणून सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नाही. दोघांची संमती असेल तर दोघांनी मिळून एक अर्ज करायचा. अर्ज करण्याआधी दोघं किमान एक वर्ष वेगळे राहिलेले पाहिजेत.

"मध्ये दोन-चार दिवस एकत्र राहिले तर?"

"नांदायला म्हणून राहिले तर ते वर्ष तुटतं. पुन्हा पहिल्यापासून मोजा."

हे मला एकदम पटलं. कायदा म्हणजे आमच्या ताण्यासारखाच आहे म्हटलं. वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

"आणि अर्ज केल्यावर?"

"पहिली पेशी होईल, दोघांचा जबाब होईल. मग सहा महिने थांबायचं. मग दुसरी पेशी. तेव्हाही दोघं हो म्हणाले तर डिक्री."

"सहा महिने म्हणजे दिवस धरून किती?"

"तारखेला तारीख. तुम्ही दिवस मोजू नका, मी फोन करीन."

मी त्या सहा महिन्यांबद्दल आणखी काही विचारलं नाही. अकरा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने बारावा विचारला नाही, कारण त्याचं उत्तर मला माहीत आहे असं वाटलं. वर्ष तुटतं, तसे महिनेही तुटत असणार.

फी आठ हजार ठरली. वकीलपत्रावर सही करायला मी मुलीला घेऊन गेलो, तेव्हा बाईंनी मला बाहेर बसवलं. "तुम्ही चहा घेऊन या, बापूजी. मला हिच्याशी बोलायचं आहे."

"माझ्यापुढे बोलेल ना ती."

"म्हणूनच."

मी कँटीनला गेलो नाही. शेडच्या खांबाला टेकून उभा राहिलो. वीस मिनिटं लागली. मला त्याचा रागच आला. फी मी देणार, कागद मी गोळा केले, आणि माझ्याच मुलीशी बोलताना मला उठवतात. बाई काय बोलल्या असतील ते कळलं नाही. बाहेर आली तेव्हा मुलीचे डोळे लाल होते, आणि बाई म्हणाल्या, "ठीक आहे. आत्ता तरी ती हो म्हणते."

त्या 'आत्ता तरी'कडेही मी लक्ष दिलं नाही.

वर्ष पूर्ण होऊन तीन आठवडे झाल्यावर अर्ज पडला. जावयाला त्यांच्याकडच्या कोणीतरी समजावलं असावं, तो आला आणि सही करून गेला. न्यायाधीशांपुढे दोघं एका कठड्याशी उभे राहिले, मध्ये हातभर अंतर. बाहेर आल्यावर त्याने मला वाकून नमस्कार केला. मी "असू द्या" म्हणालो. त्याच संध्याकाळी वहीत नव्या पानावर दिवस लिहायला घेतले. रोज एक रेघ, दर दहाव्या रेघेवर आडवी.

सत्त्याण्णवाव्या दिवशी तो पवनीला आला.

ज्येष्ठातली दुपार, सव्वातीनची वेळ. घरात मी एकटा होतो. मुलगी शिवणाच्या क्लासला गेली होती, पाचला येणार होती. तिची आई शेजारी पापडाला गेली होती. मागावरचे दोघं जेवायला गेले होते. ओसरीत कोणी चप्पल काढल्याचा आवाज आला, म्हणून मी आतून आलो, तर जावई. रात्रपाळी करून निघालेला, डोळे तारवटलेले, शर्टाच्या कॉलरीत अजून खाणीची काळी धूळ. हातात कापडाची पिशवी. पिशवीतून साडीची घडी दिसत होती आणि घडीच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाची बोटं होती.

हळदीकुंकवाची बोटं लावलेली साडी कशासाठी आणतात हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो न्यायला आला होता.

"बसा," मी म्हणालो. पाणी दिलं.

त्याने पेला हातात घेतला पण तोंडाला लावला नाही. "मामाजी, मी न्यायले आलो."

"आता?"

"आई म्हने पोचवून देतीन. मी म्हटलं वाट पाहू. मंग तुमचं पत्र आलं, मंग कोर्टाचं आलं. मले काही समजेच ना का काय चालू आहे. काल आईनं सोताच साडी काढली. म्हने, जा बाप्पा, रीत-बीत राहू दे, घेऊन ये तिले."

"असं कसं चालन? कोर्टात अर्ज आहे. सत्त्याण्णव दिवस झाले."

"मंग कोर्टाले सांगू ना, का नाही पाहिजे आमाले."

"कोर्ट म्हनजे काय किराना दुकान आहे का, नाही पाहिजे म्हटलं का परत? हे सहा महिने तुटले का पुन्हा पहिल्यापासून मोजा लागते. पुन्हा वर्ष, पुन्हा अर्ज. पोरीले किती वेळा उभं करू तिथं?"

"पन मामाजी, तुटू द्या ना. तुटलं तर चांगलंच आहे ना आपल्याले."

हे वाक्य इतकं साधं होतं. मी आजवर कितीदा तरी ते मनात पुन्हा ऐकलं आहे. त्या वेळी मला ते फक्त एका दमलेल्या, न समजणाऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. अर्धवट मोजलेला ताणा सोडून उठ, असं कोणी म्हटल्यासारखं. मला तो ताणा पुरा करायचा होता. कशाचं कापड निघणार आहे, हे मी पाहिलंच नाही.

"तिले तरी पुसा," तो म्हणाला.

"ती घरी नाही."

"मी बसतो. येईपर्यंत बसतो."

पाच वाजायला पावणेदोन तास होते. मी म्हणालो, "तुम्ही भेटलेच तर मोजनी तुटली. वकीलबाईनं सांगतलं आहे." हे खोटं होतं. बाईंनी तसं सांगितलं नव्हतं. पण त्या क्षणी मला ते खोटं वाटत नव्हतं, एवढंच मी माझ्या बाजूने लिहू शकतो.

त्याने पेला खाली ठेवला. पाणी तसंच होतं. पिशवीतून साडी काढून त्याने ओसरीतल्या लाकडी पेटीवर ठेवली. "ही परत नेता येत नाही, आई रडन. तिले द्या. नाही दिली तरी ठेवा." चपला घालताना थांबून म्हणाला, "ती बरी आहे ना?"

"बरी आहे."

"शिवनकाम शिकून राहिली म्हनते."

"हो."

"चांगलं आहे," म्हणाला आणि एसटी स्टँडच्या दिशेने गेला.

साडी मी मागच्या खोलीत, तयार मालाच्या फळीवर, कोशाच्या साड्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवली. त्या गठ्ठ्यात एकेचाळीस साड्या होत्या. ही बेचाळिसावी. माझ्या मालाच्या नोंदीत ती कुठेच लिहिली नाही. मुलीच्या आईने संध्याकाळी ओसरीतला भरलेला पेला पाहून विचारलं, "कोन आलं होतं?" मी म्हणालो, "एक गिऱ्हाईक."

अठ्ठ्याण्णवावी रेघ दुसऱ्या दिवशी ओढली.

दुसरी पेशी भादव्याच्या शेवटी पडली. बोर्डावर आमचा नंबर नववा होता. आम्ही गेलो तेव्हा चौथं प्रकरण चालू होतं. मुलगी आणि तिची आई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. जावई समोर कडुनिंबाखाली आतेभावासोबत उभा होता. वकीलबाई फाईल चाळत माझ्याजवळ आल्या.

"काय बापूजी, मधल्या काळात दोघं बोलले का एकमेकांशी? भेटले?"

मी अभिमानाने सांगितलं, "एकदाही नाही मॅडम. एकशे ब्याऐंशी दिवस. जावई आले होते सत्त्याण्णवाव्या दिवशी, साडी घेऊन. मी ओसरीतूनच परत पाठवले. मोजणी तुटू दिली नाही."

बाईंनी चष्मा काढला. "कशाची मोजणी?"

मी सांगितलं.

त्यांनी हातातली फाईल मिटली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो बापूजी, ते सहा महिने कायद्याने त्यासाठीच दिलेत. भेटा, बोला, विचार बदलला तर कोणीही एकाने येऊन नाही म्हणा, अर्ज निकाली. त्यात तुटण्यासारखं काही नसतंच. मोजतात ते आधीचं वर्ष." त्यांनी बाकाकडे पाहिलं. "तिला माहीत आहे का तो आला होता ते?"

"नाही."

"मग जा, आत्ता सांगा. पाचवं निघतंय. अर्धा तास आहे. की मी सांगू?"

"नको," मी म्हणालो. "मी सांगतो."

त्यांना आत दुसऱ्या कोर्टात जायचं होतं. त्या गेल्या. मी बाकाकडे निघालो. व्हरांड्यात अठरा फरश्यांचं अंतर असेल. मी गेलो आणि मुलीच्या शेजारी बसलो. सहाव्याचा पुकारा झाला. तोंडात शब्द होते, 'बेटा, तो आला होता.' चार शब्द. पण त्यानंतर तिने 'कधी?' विचारलं असतं, आणि मग 'काहून नाही सांगतलं?' आणि तिची आई शेजारी बसलेली. साळ्याला, चार घरांना मी सहा महिने सांगत आलो होतो की सगळं नियमाने चाललं आहे. सातव्याचा पुकारा झाला. मी उठून नळावर पाणी प्यायलो. परत आलो तेव्हा आठवं आत गेलं होतं. मुलगी म्हणाली, "बाबूजी, तुम्हाले घाम काहून आला एवढा?"

"ऊन आहे," मी म्हणालो.

नवव्याचा पुकारा झाला. बाई घाईने आल्या आणि दारातून माझ्याकडे पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. मी मान हलवली. हो, सांगितलं, अशी.

मला कायदा समजला नाही, हे कोणाकडूनही झालं असतं. हे मान हलवणं मात्र माझं एकट्याचं.

न्यायाधीशांनी जावयाला विचारलं, "विचार कायम आहे?" तो मुलीकडे बघत राहिला. ती खाली पाहत होती. शेवटी तो "हो" म्हणाला. मग मुलीला विचारलं. तिने मागे वळून पाहिलं. मला वाटलं आईकडे पाहते. मग ती म्हणाली, "हो." टायपिस्टने टाईप केलं. एकूण सात मिनिटं लागली.

पुढच्या उन्हाळ्यात कळलं की त्याचं दुसरं लग्न झालं. तुमसरकडच्या एका कापडवाल्याने सहज बोलता बोलता सांगितलं. त्यानंतर आठ दिवसांनी मी मुलीला सगळं सांगितलं. इतके दिवस का थांबलो आणि तेव्हाच का सांगितलं, हे मी लपवत नाही. आता सांगून काही बदलणार नव्हतं, म्हणून सांगायचं धाडस झालं.

ती मागच्या खोलीत माल लावत होती. शिवणकामासोबत तेही काम ती बघू लागली होती, आजही बघते. मी उभ्यानेच सांगितलं. सत्त्याण्णवावा दिवस, सव्वातीन वाजता, साडी, वकीलबाई काय म्हणाल्या ते, आणि मी मान हलवली तेही. तिने ऐकलं. मग फळीवरचा गठ्ठा उतरवला, तळातून ती साडी काढली आणि माझ्यापुढे धरली. मिलची साडी, मोरपंखी रंगाची. हळदीची बोटं फिकट झाली होती.

"मले तर आठच दिवसांनी भेटली होती ही," ती म्हणाली. "कोशाच्या मालात मिलचं कापड हाताले लगेच समजते, बाबूजी. अन् बोटं कोन लावते असे, ते मले माहीत नाही का? सासूबाईचे बोटं आहेत. करंगडी वाकडी आहे त्यायची."

"मग विचारलं काहून नाही?"

"तुम्ही सांगसान म्हटलं. तुम्ही लपवलं म्हनजे काही कारन असन. कदाचित त्यायनं भांडन केलं असन, कदाचित साडी फेकून गेले असतीन. मले काय माहीत?" ती घडीवरून हात फिरवत होती. "घडी एकाच जागी राहिली का कापड तिथं विरते. म्हनून दर महिन्याले घडी बदलून ठेवत होती. तीनदा बदलली पेशीच्या आधी. उभी घडी होती, मी आडवी केली. तुम्ही दर महिन्याले माल मोजता, म्हटलं दिसन. दिसलं का पुसतीन. मंग मीही पुसीन."

मी दर महिन्याला तो गठ्ठा मोजला होता. वरून मोजत येऊन शेवटच्या साडीआधी थांबत होतो, कारण ती कोणती आहे हे मला माहीत होतं आणि तिच्याकडे पाहायचं नव्हतं.

"कोर्टात मी मागे पाहिलं ना," ती म्हणाली, "ते तुमच्याकडे पाहिलं होतं."

बाहेर माग चालू होते. तिने विचारलं, "किती वेळ होते ते इथं?"

"वीस मिनिटं असतीन."

"रात्रपाडी करून आले होते?"

"हो."

"मंग पानी तरी पेले का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणालो. "पेला हातात घेतला होता. तसाच ठेवला."

तिने ती साडी जमिनीवर पसरली, एक टोक माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "धरा." आम्ही दोघांनी मिळून तिची घडी बदलली. नव्या घडीत जुनी रेघ वर येऊ नये म्हणून ती दोनदा सरकवावी लागली. मग तिने ती फळीवर ठेवली. या वेळी सगळ्यात वर.